स्विस घड्याळ घेताना सुट्या भागांचंही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत महागड्या स्विस घड्याळांवर पानभर मजकूर आला होता. ‘एफ्टा’ देशांबरोबरचा (म्हणजे स्वित्झर्लंडसह युरोपातल्या चार देशांच्या गटाबरोबरचा) भारताचा व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झालाय, स्विस घड्याळांवरचा आयात कर टप्प्याटप्प्यानं सात वर्षांत शून्यावर येणार आहे, तेव्हा आजवर शोरूमच्या काचेतूनच बघावी लागणारी ही घड्याळं आता बऱ्याच मनगटांवर दिसतील, असा त्यातला सूर होता. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. पण शेवटी चौकटीत ग्राहकांना सल्ला दिला होता की, ज्या कंपनीनं आतलं मशीन स्वतःच्याच कारखान्यात, म्हणजे ‘इन-हाऊस’ बनवलंय तिचंच घड्याळ घ्या. दुसऱ्याकडून मशीन आणून वर आपलं नाव घालणाऱ्यांच्या नादी लागू नका. ती चौकट वाचून माझी काही गिऱ्हाइकं मनगटावरचं घड्याळ काढून घेऊन आली आणि ‘आमचं खोटं आहे का हो?’ असं विचारू लागली. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण कृपया पूर्ण छापावं.

मी महाद्वार रोडला लागून असलेल्या एका बोळात घड्याळं दुरुस्त करतो. वडिलांचंही हेच काम होतं. माझ्या टेबलावर एचएमटी येतं, टायटन येतं, कुणाच्या आजोबांच्या पेटीतून निघालेलं वेस्ट एंड येतं, आणि अलीकडं शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखानदारांची लाखालाखांची स्विस ऑटोमॅटिकही येतात. मी घड्याळं विकत नाही, त्यामुळं कुठल्याच ब्रँडशी माझं देणंघेणं नाही. घड्याळ बिघडल्यावर त्याचं पुढं काय होतं ते मात्र मी रोज बघतो. त्या बाजूनं बघितलं तर आपला सल्ला गिऱ्हाइकाला तोट्यात घालणारा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मशीन कुणाच्या छपराखाली झालं हे नंतर. त्याचे सुटे भाग कंपनीबाहेरच्या कारागिराला मिळतात का, हे आधी विचारायला पाहिजे.

जुनं स्विस घड्याळ उघडावं, बॅलन्स, म्हणजे आत मागंपुढं झुलणारं चाक, अलगद उचलून बाजूला ठेवावा आणि डोळ्याला भिंग लावून खालच्या प्लेटवर बघावं. तिथं कोपऱ्यात एक बारीक शिक्का असतो. कधी ‘एएस’, कधी ‘एफएचएफ’, कधी ‘युनिटास’, आणि शेजारी तीन-चार आकडे. डायलवर नाव भलतंच असतं. शिक्का म्हणजे ते मशीन ज्यानं बनवलं त्याची खूण आणि आकडे म्हणजे मशीनचा नंबर. त्या नंबरावर बॅलन्सचा स्टाफ (त्याचा आस), चावीचा दांडा, मेनस्प्रिंग (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग), काय लागेल ते मागवता येतं. वडिलांनी मला डायलवरचं नाव बाजूला ठेवून हा शिक्का वाचायला शिकवलं. ‘एएस’ म्हणजे ग्रेंखेन गावचे ए. शिल्ड. ‘एफएचएफ’ म्हणजे फाँतेनमलाँचा कारखाना. या दोघांनी आणि ए. मिशेल नावाच्या तिसऱ्या कारखान्यानं मिळून 1926 मध्ये ‘एबॉश एस.ए.’ ही कंपनी काढली आणि पुढं अर्ध्या जगाच्या घड्याळांत तिची मशीनं बसली. हे सगळं उघड होतं. ते लपवावं असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं.

कारण तो धंदाच तसा उभा राहिला होता. स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगरात हिवाळ्यात बर्फ पडलं की शेती बंद. मग शेतकऱ्यांच्या घरी खिडकीशी टेबल मांडून काम चालायचं. एका घरात दातेरी चाकं, दुसऱ्या घरात स्क्रू, तिसऱ्या घरी काटे, आणि हे सगळं गोळा करून जोडणारा व्यापारी वेगळा. आमच्या जिल्ह्यातल्या हुपरीत चांदीचे पैंजण असेच होतात. तार ओढणारा वेगळा, जोडकाम करणारा वेगळा, घुंगरू बसवणारा आणि पॉलिश करणारा आणखी वेगळा, आणि म्हणून हुपरीचा पैंजण खोटा आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. ला शो-द-फों आणि ल लोक्ल या दोन गावांची रचनाच या कामासाठी झाली. लांबच लांब रांगांमधली घरं, प्रत्येक खोलीत भरपूर उजेड येईल अशा खिडक्या. 2009 मध्ये युनेस्कोनं ही गावं जागतिक वारशात घेतली. वारसा म्हणून ज्याचा गौरव झाला तो वाटून घेतलेल्या कामाचा.

आता ज्यांना आपण घड्याळांतले राजे म्हणतो त्यांच्याकडं बघू.

पाटेक फिलिपनं 1941 मध्ये 1518 नंबरचं घड्याळ आणलं. त्यात क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच, आणि लीप वर्षासकट चालणारं कॅलेंडर एकत्र होतं, आणि असं मनगटी घड्याळ मालिकेत बनवणारी ती पहिली कंपनी. त्याचं मूळ मशीन व्हाल्जू कंपनीचं. पाटेकच्या कारागिरांनी ते इतकं घासूनपुसून, बदलून, वर कॅलेंडर चढवून बसवलं की ओळखू येऊ नये. या 1518 चा स्टीलमधला एक नग नोव्हेंबर 2016 मध्ये जिनिव्हात लिलावात निघाला आणि 1 कोटी 10 लाख स्विस फ्रँकला गेला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला अभिनेते पॉल न्यूमन यांची स्वतःची रोलेक्स डेटोना 1 कोटी 77 लाख डॉलरला विकली गेली. तिच्यातलंही मूळ मशीन व्हाल्जूचंच, नंबर 72. आपल्या चौकटीतल्या सल्ल्याप्रमाणं ही दोन्ही घड्याळं कुणी घ्यायलाच नको होती.

ओडेमार पिगेचं रॉयल ओक, 1972 चं. आज त्याच्यासाठी लोक वर्षानुवर्षं यादीत नाव घालून बसतात. आराखडा जेराल्ड जेंटा यांचा. मशीन जेगर-लकूल्त्रचं, 920 नंबरचं, तारखेसकट जाडी जेमतेम 3.05 मिलिमीटर. डायल स्टर्न फ्रेर यांची. स्टीलचा पट्टा गे फ्रेर यांचा. केस, म्हणजे बाहेरचं कवच, फाव्र-पेरे यांची. जेगर-लकूल्त्रचं हेच मशीन पुढं 1976 मध्ये पाटेकच्या नॉटिलसमध्ये गेलं आणि 1977 मध्ये व्हाशरॉन कॉन्स्टन्टिनच्या 222 मध्येही. आणि गंमत अशी की ज्यांनी ते बनवलं त्या जेगर-लकूल्त्रनं स्वतःच्या नावाच्या घड्याळात ते कधी घातलंच नाही. तीन मोठी घराणी, मशीन एकाच घरचं. म्हणून ती तीन घड्याळं सारखी झाली का? मुळीच नाही. प्रत्येकानं पुलांच्या (चाकं जागेवर धरणाऱ्या पट्ट्यांच्या) कडा कशा तासल्या, रोटर (मनगट हललं की फिरून चावी देणारं वजन) कसा केला, बॅलन्स कसा साधला, यात त्यांचं घराणं दिसतं.

आपल्या देशाशी नातं असलेलं उदाहरण द्यायचं तर रिव्हर्सोचं. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून केस उलटी फिरवून काच आत घेता येईल असं घड्याळ 1931 मध्ये निघालं. त्या आकाराला बसेल असं मशीन लकूल्त्रकडं, म्हणजे पुढच्या जेगर-लकूल्त्रकडं, तेव्हा तयार नव्हतं. सुरुवातीच्या रिव्हर्सोंमध्ये ताव्हान कंपनीचं मशीन आहे. लकूल्त्रचं स्वतःचं आलं ते 1933 मध्ये. आजही संग्राहक त्या पहिल्या घड्याळांना मान देतात.

आणि चंद्रावर गेलेलं ओमेगा स्पीडमास्टर! त्यातलं 321 नंबरचं मशीन लेमानियानं तयार केलेलं. लेमानिया ओमेगाच्याच गटातली, पण कारखाना वेगळा, माणसं वेगळी. त्याच मशीनचे भाऊबंद पाटेकनं आणि व्हाशरॉननंही आपापल्या क्रोनोग्राफमध्ये वापरले. पाटेकनं तर दुसऱ्याच्या पायावर उभे केलेले हातानं चावी द्यायचे क्रोनोग्राफ कित्येक दशकं विकले. स्वतःचं 29-535 हे मशीन त्यांनी आणलं 2009 मध्ये.

मग 2000 नंतर सगळ्यांनाच एकदम स्वतःचं मशीन असावं असं का वाटू लागलं? त्याचं कारण कारागिरीपेक्षा बाजारात जास्त आहे. जपानच्या सेलवरच्या घड्याळांनी स्विस धंदा मोडून काढला होता. 1970 च्या सुमारास तिथं या कामावर 90 हजार माणसं होती, 1980 च्या दशकाच्या मध्यावर तीस हजारांवर थोडी उरली. बुडत्या गटांना 1983 मध्ये एकत्र करून निकोलस हायेक यांनी जी कंपनी उभी केली ती आजची स्वॉच ग्रुप. जुन्या एबॉशचे कारखाने, व्हाल्जू, युनिटास, सगळं एकवटून त्यांच्या ‘ईटीए’ या कंपनीत आलं. हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्सला झुलवणारी बारीक स्प्रिंग, बनवणारी निव्हारॉक्सही त्यांच्याकडंच. म्हणजे स्विस घड्याळांचं काळीज जवळजवळ एका मालकाच्या हातात गेलं. हायेक यांचं म्हणणं होतं, कारखाने मी चालवायचे, यंत्रांत पैसा मी घालायचा आणि बाकीच्यांनी आयतं मशीन घेऊन जाहिरातींवर पैसा उधळायचा, हे किती दिवस चालायचं? त्यांचं चूक नव्हतं. 2002 मध्ये त्यांनी बाहेरच्यांना कच्ची मशीनं देणं थांबवायचं जाहीर केलं. तिथल्या स्पर्धा आयोगानं मध्ये पडून ते लांबवलं, 2013 मध्ये समझोता झाला आणि 2019 पर्यंत पुरवठा टप्प्यांनी कमी होत गेला.

ज्यांचं दुकान ईटीएवर चालत होतं त्यांची धावपळ झाली. कुणी सेलिटाकडं गेलं. ला शो-द-फोंच्या या कंपनीनं ईटीएच्या 2824 ची पेटंटं संपल्यावर त्याच नमुन्याचं एसडब्ल्यू 200 काढलं. ज्यांच्याकडं पैसा होता त्यांनी स्वतःचं मशीन तयार केलं, आणि तो खर्च भरून काढायला जाहिरातीत त्याचंच नाव पुढं केलं. आपल्या पुरवणीतल्या चौकटीचं मूळ या जाहिरातींत आहे.

मी एकतर्फी बोलतोय असं वाटू नये. स्वतःच्या घरात काम ठेवण्याची किंमत मला कळते. 1975 मध्ये ल लोक्लच्या झेनिथ कारखान्याला अमेरिकी मालकांनी चावीची मशीनं बंद करून हत्यारं भंगारात काढायला सांगितलं. शार्ल व्हेर्मो नावाच्या तिथल्या कारागिरानं ते ऐकलं नाही. एल प्रिमेरो या क्रोनोग्राफ मशीनचे प्रेस, कॅम, कटर त्यांनी गुपचूप माळ्यावर नेऊन लपवले, कुठलं हत्यार कशासाठी ते लिहून ठेवलं. दहाएक वर्षांनी मागणी पुन्हा आली तेव्हा त्या माळ्यावरूनच ते मशीन परत जिवंत झालं. या माणसाबद्दल मला फार आदर आहे. हत्यार हातातून गेलं की विद्या जाते, हे आम्हा कारागिरांना कुणी सांगायला नको. जर्मनीतल्या ग्लासह्युटे गावची ए. लांगं कंपनी 2003 पासून हेअरस्प्रिंगसुद्धा स्वतः ओढते, त्याचंही मला कौतुक वाटतं. पण व्हेर्मोंनी वाचवलेलं ते एल प्रिमेरो पुढं कुठं गेलं बघा. 1988 मध्ये रोलेक्सनं ते आपल्या डेटोनासाठी झेनिथकडून घेतलं, ठोके तासाला 36,000 वरून 28,800 वर आणले, बॅलन्स आणि हेअरस्प्रिंग आपली घातली, तारीख काढून टाकली. 2000 पर्यंत डेटोना त्याच मशीनवर चालली. एकाच्या घरी जपलेलं दुसऱ्याच्या कामाला आलं, तेव्हा दोघंही तरले. नंतर रोलेक्सनं स्वतःचं 4130 आणलं. तेही उत्तम, क्रोनोग्राफचे भाग आधीपेक्षा पुष्कळ कमी, जोडणी सोपी.

शिवाय सगळं एका छपराखाली म्हणतात तेव्हाही ‘सगळं’ जपूनच घ्यावं लागतं. हेअरस्प्रिंगचंच घ्या. केसापेक्षा बारीक पट्टी, उन्हाळ्यात सैल पडायची आणि थंडीत ताठायची, त्यामुळं घड्याळ मागंपुढं व्हायचं. तापमानानं जिचा ताठपणा बदलत नाही अशा धातूवर शार्ल-एद्वार गियोम यांनी काम केलं आणि निकेल-पोलादाच्या त्यांच्या शोधांसाठी 1920 मध्ये त्यांना पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. आजही ही पट्टी स्वतः बनवू शकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे, अगदी स्वतःच्या मशीनची जाहिरात करणारेसुद्धा, ती बाहेरून घेतात. धक्का बसला तर बॅलन्सचं टोक मोडू नये म्हणून जी छोटी स्प्रिंग असते, ती कित्येकांत इन्काब्लॉक कंपनीची. माणकं (चाकांच्या टोकांखाली बसवलेले खडे) बाहेरची, काटे बाहेरचे. ते काटे आणि डायल काही वेळा आपल्या देशातही होतात. हिमाचलमधल्या परवाणूला सुरू झालेली केडीडीएल ही कंपनी स्विस घड्याळवाल्यांना ते पुरवते. ‘स्विस मेड’ लिहायला 2017 पासून घड्याळाच्या उत्पादनखर्चातला किमान 60 टक्के वाटा स्वित्झर्लंडमधला लागतो, म्हणजे उरलेल्याला कायद्यानंच वाट ठेवलेली आहे. मला यात गैर काही दिसत नाही. आपल्या पोरींनी, पोरांनी घासलेला काटा जिनिव्हातल्या शोकेसमध्ये फिरतो, हे ऐकून मला अभिमानच वाटतो. फक्त त्यांचं नाव कुठं येत नाही, याचं वाईट वाटतं.

नाव सांगितलं तर काही बिघडत नाही. ब्रायटलिंग आणि ट्यूडर यांनी 2017 मध्ये जाहीरपणे मशीनांची देवघेव केली. ब्रायटलिंगचा क्रोनोग्राफ ट्यूडरमध्ये, ट्यूडरचं तीन काट्यांचं मशीन ब्रायटलिंगमध्ये. दोघांचाही माल विकला जातोय. जिनिव्हाची एमबी अँड एफ ही छोटी कंपनी प्रत्येक घड्याळाबरोबर केस कुणी केली, चाकं कुणी कापली, डायल कुणाची, पट्टा कुणाचा, अशी सगळी नावं छापते, आणि तिची घड्याळं भारी किमतीला जातात. उलट टॅग हॉयरनं 2009 च्या सुमारास 1887 नावाचं मशीन आपलं म्हणून पुढं आणलं, आणि त्याचा मूळ आराखडा जपानच्या सेकोकडून रीतसर विकत घेतल्याचं नंतर बाहेर आलं तेव्हा लोक चिडले. मशीन चांगलंच होतं. सेकोचं नाव पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर कुणी काही बोललं नसतं.

आता माझ्या टेबलावरचं सांगतो, कारण माझा खरा जीव तिथं अडकलाय.

गेल्या पावसाळ्यात एका ओळखीच्या फाउंड्रीवाल्यांनी दोन घड्याळं एकत्र आणली. एक त्यांच्या मुलाचं, फारसं नाव नसलेल्या स्विस ब्रँडचं, आत ईटीए 2824. दुसरं त्यांचं स्वतःचं, त्याच्या कितीतरी पट किमतीचं, मोठ्या नावाच्या कंपनीचं, आत कंपनीचं स्वतःचं मशीन. पहिल्यात रोटर फिरायचा पण मेनस्प्रिंग भरायची नाही. उघडलं, रोटरखालची उलटसुलट फिरणारी दोन चाकं झिजली होती, हे या मशीनचं नेहमीचं दुखणं. मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन केला, आठवड्याच्या आत चाकं कुरिअरनं आली. धुऊन, तेल देऊन, टायमिंग मशीनवर लावलं. घड्याळ आजही दिवसाला दोन-चार सेकंदांत चालतंय.

दुसऱ्यात चावी ओढल्यावर काटे फिरायचे, पण आत दाबून चावी द्यायला गेलं की नुसतं घसरायचं. पाठीमागची काच काढली तेव्हा ते मशीन बघून मी खरंच थोडा वेळ हात लावला नाही. पुलांच्या कडा हातानं तिरक्या तासलेल्या, उजेड त्यांच्यावरून एका रेषेत सरकत होता. स्क्रूच्या खाचासुद्धा पॉलिश केलेल्या. इतकं सुंदर काम रोज बघायला मिळत नाही. डायल आणि काटे उतरवून चावीच्या बाजूनं बघितलं. दांड्यावर पुढंमागं सरकणारं जे छोटं दातेरी नळकांडं असतं, स्लायडिंग पिनियन, त्याचे दोन दात गेले होते. लांबी दोन मिलिमीटरच्या आसपास. बाकी सगळं घड्याळ ठणठणीत.

तो एक भाग मला कुणी द्यायला तयार नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं उत्तर आलं की सुटे भाग बाहेर विकत नाही, घड्याळ पूर्ण पाठवा, पूर्ण सर्व्हिस सक्तीची, केस पॉलिश करणं त्यातच. जो खर्च सांगितला त्यात मुलाच्या घड्याळासारखं नवं घड्याळ आलं असतं. आणि वेळ? घड्याळ मुंबईहून परदेशात गेलं, दिवाळी गेली, संक्रांत गेली, तेव्हा परत आलं. मालकांनी पैसे मोजले, त्यांना परवडतं. पण कर कमी होईल तसं जे लोक आयुष्यात एकदाच, पीएफच्या पैशातून, मुलीच्या लग्नात जावयासाठी असं घड्याळ घेतील, त्यांनी काय करायचं?

हा प्रश्न कोल्हापुरापुरता नाही. युरोपातल्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांच्या महासंघानं याच कारणासाठी 2004 मध्ये युरोपीय आयोगाकडं स्विस कंपन्यांविरुद्ध तक्रार केली होती. आयोगानं फेटाळली. 2010 मध्ये न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. आयोगानं पुन्हा तपास केला, 2014 मध्ये पुन्हा फेटाळली, आणि ऑक्टोबर 2017 मध्ये न्यायालयानंही आयोगाचंच उचलून धरलं. तेरा वर्षं लढून ती माणसं हरली. कंपन्यांचं म्हणणं, अडाणी हातांत भाग गेले तर घड्याळ बिघडेल, नकली माल वाढेल. मग परीक्षा घ्या ना आमची! प्रशिक्षण द्या, फी घ्या, आमचं टेबल येऊन तपासा. पण ज्याला काम येतं त्याला दोन मिलिमीटरचा पिनियन नाकारू नका.

घरात बनवणं आणि भाग मोकळे ठेवणं एकत्र जमतं, हे आपल्या एचएमटीनं दाखवून दिलंय. 1961 मध्ये बेंगळुरूला जपानच्या सिटिझनच्या मदतीनं कारखाना सुरू झाला आणि बहुतेक भाग तिथंच होऊ लागले. पण कंपनीनं ते भाग कधी कुलपात ठेवले नाहीत. स्टाफ, दांडा, मेनस्प्रिंग कागदाच्या पुड्यांत कुठल्याही बाजारात मिळायचं. 2016 मध्ये सरकारनं एचएमटीच्या घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरवलं. कारखाना गेला, पण सतरा ज्वेलची ‘जनता’ (एचएमटीचं चावीचं घड्याळ) अजून माझ्याकडं येते आणि मी ती चालती करून देतो, वडिलांच्या वेळच्या डब्यात अजून भाग शिल्लक आहेत. एका नामांकित स्विस घड्याळाबद्दल मला हे आज, कंपनी जोरात चालू असताना, छातीठोक सांगता येत नाही.

म्हणून माझी वाचकांना विनंती आहे. दुकानात गेलात की विक्रेत्याला मशीनचा नंबर विचारा, तो कागदावर लिहून घ्या. या मशीनचे भाग कंपनीबाहेर मिळतात का, सर्व्हिसला किती खर्च, किती दिवस, आणि काम भारतात होतं की बाहेर जातं, हे बिलाआधी विचारा. आत ईटीए किंवा सेलिटा निघालं तर नाराज होऊ नका. तुमच्या नातवाच्या वेळीही ते कुणीतरी दुरुस्त करू शकेल. आत कंपनीचं स्वतःचं मशीन असेल तर ते जरूर घ्या, पण पुढचा खर्च धरून घ्या. आणि विक्रेता यातलं काहीच सांगू शकत नसेल, तर दुसरं दुकान बघा.

सरकारकडंही एक मागणं आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं काम हाती घेतलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि मोटारी घेतल्या. घड्याळं त्यात नाहीत. स्विस कंपन्यांना आपण करात सूट देतोय, तर त्याच दमात त्यांच्याकडून इथल्या पात्र कारागिरांना सुटे भाग आणि मशीनचे तक्ते देण्याची हमी घ्यायला काय हरकत आहे? ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी हा विषय उचलावा. सात वर्षांचा काळ त्यासाठी पुरेसा आहे, पण सुरुवात आत्ता व्हायला हवी; करार पूर्ण लागू झाल्यावर आमचं कोण ऐकणार? या कामात नवी पोरं येईनाशी झाली आहेत. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात मिळून चावीचं घड्याळ नीट खोलणारे हात आता फार उरलेले नाहीत, आणि भागच मिळणार नसतील तर मी कुणाच्या पोराला कुठल्या तोंडानं म्हणू, ये, माझ्या शेजारी बस आणि हे शीक?

आपला विश्वासू,
एक घड्याळ-कारागीर,
महाद्वार रोड, कोल्हापूर